उन्हाळ्याची सुट्टी आणि गणिताचा विद्यार्थी

उन्हाळ्याच्या सुट्टीचा विचार दिवाळीत करा, असे कोणी सांगितले तर शहरातला माणूस हसेल. शेतकरी हसणार नाही. पेरणी मृगाच्या पावसावर व्हायची असली तरी नांगरट, शेणखत, बियाणे यांची तजवीज त्याने कितीतरी आधी करून ठेवलेली असते. श्रोतेहो, कॉलेजात गणित घेऊन शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींचेही असेच आहे. मे-जून महिन्यांत त्यांच्यासाठी देशात ठिकठिकाणी गणिताची शिबिरे भरतात, मोठमोठ्या संशोधन-संस्था त्यांना महिना-दोन महिने आपल्याकडे राहावयास बोलावतात. पण त्यासाठीचे अर्ज बहुतेक ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळातच भरले जातात. एप्रिलमध्ये शेवटचा पेपर टाकून "सर, सुट्टीत काही करता येईल का?" असे विचारीत येणारा विद्यार्थी एक वर्ष उशिरा आलेला असतो.

आणि अशी वर्षे असतात तरी किती? तीन वर्षांच्या पदवीत पहिल्या उन्हाळ्यात मुलाला काही ठाऊक नसते. तिसऱ्या उन्हाळ्यात तो एम.एस्सी.च्या प्रवेशाच्या नाहीतर नोकरीच्या धावपळीत असतो. म्हणजे हाती उरतो तो दुसऱ्या वर्षानंतरचा उन्हाळा. नव्या धोरणाने पदवीला चौथे वर्ष जोडले आहे आणि त्यात संशोधनाची सोय ठेवली आहे, त्यामुळे आणखी एखादा उन्हाळा मिळेल. तरी पण पहिला उन्हाळा वाया गेला की मागाहून तो भरून काढणे अवघड जाते, असाच माझा वर्गातला अनुभव आहे.

मी राहतो मुंबईच्या पश्चिम उपनगरात, कांदिवलीच्या चारकोप भागात. १९८० नंतरच्या दशकात म्हाडाने जागतिक बँकेच्या साहाय्याने इथे लहान लहान भूखंड आखून दिले आणि लोकांनी त्यांवर आपापली घरे उभी केली. पत्ता म्हणजे सेक्टरचा आकडा आणि प्लॉटचा आकडा. घरे लहान, म्हणून मुले अभ्यासिकेत जाऊन वाचतात. ग्रामीण श्रोत्यांना वाटेल, मुंबईच्या मुलांना काय कमी आहे? कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, पवईला आय.आय.टी. आहे, मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, कालिन्याला विद्यापीठ आहे. खरे आहे. लोकल आणि बस धरली तर यांतले कोणतेही ठिकाण चारकोपहून फार तर दोन तासांवर. पण कॉलेजची तीन वर्षे काढून यांतल्या एकाही फाटकाच्या आत पाऊल न टाकलेली मुले आमच्या वस्तीत वाटेल तितकी सापडतील. चारकोपचा मुलगा आणि मोखाड्याचा मुलगा या बाबतीत सारखेच दूर आहेत. मोखाड्याच्या मुलाला निदान आपण दूर आहोत हे माहीत तरी असते!

हे अंतर रस्त्याचे नाही, बातमीचे आहे. आणि बातमीच्या खालोखाल आडवा येतो तो घरच्यांचा एक प्रश्न. तो आधी घेऊ, कारण त्याचे उत्तर विद्यार्थ्यालाही अर्ज लिहिताना लागणार आहे.

दुसऱ्या वर्षाच्या वर्गातील एक मुलगी अशा शिबिराला जाऊ इच्छीत होती. तिचे वडील मला भेटावयास आले. चारकोपच्याच औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात ते फिटर आहेत. खर्च कोण करणार, मुलींची राहण्याची सोय कशी, हे सारे त्यांनी विचारले, ते योग्यच होते. मग थोडे थांबून म्हणाले, "सर, एक विचारू? गणितात आता शोधायचं काय राहिलंय? दोन नि दोन चारच ना?" प्रश्न अगदी प्रामाणिक होता. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत उपकरणे असतात, रसायनाच्या प्रयोगशाळेत वास तरी येतो. गणिताचे संशोधन म्हणजे माणसे बसून करतात तरी काय?

मी त्यांना चार अंकी एक संख्या मनात धरावयास सांगितली. चारही अंक सारखे नसावेत, एवढीच अट. त्यांनी २७४८ धरली. म्हटले, हेच अंक मोठ्याकडून लहानाकडे लिहा : ८७४२. आता उलट लिहा : २४७८. वजाबाकी करा. आली ६२६४. पुन्हा तसेच करा. ६६४२ वजा २४६६ म्हणजे ४१७६. पुन्हा. ७६४१ वजा १४६७ म्हणजे ६१७४. पुन्हा केले, तर ६१७४ च आली. पुढे कितीही वेळा करा, ती हलावयाची नाही. दुसरी कोणतीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तुम्ही ६१७४ वर येऊन थांबता. त्यांनी खिशातल्या बिलाच्या मागे आणखी दोन संख्या करून पाहिल्या आणि विचारले, "असं का होतं?"

श्रोतेहो, संशोधन म्हणतात ते हेच. "असं का होतं" हा प्रश्न पडणे, आणि पडला तो सोडून न देणे.

६१७४ चा हा गुण १९४९ साली ज्यांनी शोधून काढला ते दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर आपल्याच पश्चिम रेल्वेवरच्या डहाणूचे. जन्म १९०५ सालचा. फर्ग्युसन कॉलेजात शिकत असतानाच, १९२७ मध्ये, स्वतंत्र गणिती लेखनाबद्दल त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले होते. तेव्हा पदवीच्या विद्यार्थ्याने संशोधन करणे ही काही कालची कल्पना नव्हे, आणि परदेशातून आलेली तर नव्हेच नव्हे. पुढे एम.ए., पीएच.डी. वगैरे काही त्यांनी केले नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. संख्यांवरील आपले लिखाण लहान लहान पुस्तिकांतून छापीत राहिले. १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर गेले. तोवर त्यांना शाळेतून निवृत्त होऊन तेरा वर्षे लोटली होती.

कापरेकरांची गोष्ट सांगताना वक्ते बहुधा त्यांच्या चिकाटीचे गुणगान करून खाली बसतात. मला तीत दुसरेच काही दिसते. इतक्या ताकदीच्या माणसाला इतकी वर्षे बरोबरीने बोलणारा सोबती किती कमी मिळाला! उन्हाळी कार्यक्रम काही कापरेकर घडवीत नाहीत. ते देतात सोबत, आणि योग्य वयात देतात.

आता गणिताच्या शिक्षकांसाठी आणि जरा चिकट मुलांसाठी थोडे पुढे जातो, कागद-पेन्सिल घ्या. चाराऐवजी तीन अंक घेतले तर काय होईल? मोठा अंक अ, मधला ब, लहान क. शंभर अ, दहा ब आणि क यांच्या बेरजेतून शंभर क, दहा ब आणि अ यांची बेरीज वजा करा. मधला ब निघून जातो आणि उरतात ९९ गुणिले अ वजा क. अ वजा क हा १ ते ९ यांपैकीच काहीतरी असणार. म्हणजे पहिल्या वजाबाकीनंतर तुमच्यासमोर नऊच संख्या संभवतात : ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२, ८९१. प्रत्येक करून पाहा. ०९९ वरून ८९१, त्यावरून ७९२, मग ६९३, मग ५९४, मग ४९५. बाकीच्या याच वाटेला येऊन मिळतात. ४९५ वर सारे थांबते. नऊशे संख्यांचे गूढ एका पानावर, नऊ ओळींत, पुरे सिद्ध झाले. चार अंकांना हीच युक्ती लावली तर नवाऐवजी ५४ संख्या तपासाव्या लागतात; एक संध्याकाळ पुरते. दोन अंकांना लावा, तर एका संख्येवर न थांबता ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ असे रिंगण सुरू होते. पाच अंकांनाही एकच एक मुक्काम नाही. का नाही? दहाच्या ऐवजी आठाच्या पायावर संख्या लिहिल्या तर? इथून पुढचे प्रश्न विद्यार्थ्याने स्वतः काढावयाचे आहेत. ज्याने एवढे केले त्याच्यापाशी अर्जात लिहिण्यासारखे काहीतरी स्वतःचे असते.

तर आता जावयाचे कुठे?

दुसऱ्या वर्षाच्या सामान्य कॉलेजातील विद्यार्थ्याला मी पहिले नाव सांगतो ते 'मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च' या कार्यक्रमाचे. मुले त्याला एम.टी.टी.एस. म्हणतात. मुंबई विद्यापीठात त्या वेळी शिकवीत असलेले प्राध्यापक एस. कुमारेसन यांनी १९९३ साली तो सुरू केला. पाठबळ होते राष्ट्रीय उच्च गणित मंडळाचे. हे मंडळ १९८३ साली अणुऊर्जा विभागाने स्थापन केलेले आहे. मे-जूनमध्ये चार आठवडे, देशातील निरनिराळ्या केंद्रांवर हे वर्ग चालत आले. तीन पायऱ्या असतात. सर्वांत खालची पदवीच्या दुसऱ्या वर्षातील मुलांसाठी, मधली शेवटच्या वर्षातील मुलांसाठी, वरची एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षातील मुलांसाठी. निवड झालेल्यांना राहणे-जेवणे मोफत आणि रेल्वेचे स्लीपर वर्गाचे जाण्यायेण्याचे भाडे, अशी प्रथा राहिली आहे. त्या त्या वर्षाची सोय कशी आहे ते त्या वर्षीच्या पत्रकात पाहून घ्यावे.

इथे काटेकोरपणे बोलायचे तर संशोधन नसते, शिकणेच असते. पण शिकण्याची तऱ्हा वेगळी. आपल्या वर्गात 'कंटिन्युइटी'ची व्याख्या फळ्यावर येते, वहीत उतरते आणि परीक्षेत परत जाते. तिथे शिक्षक प्रश्न टाकतो आणि उत्तर येईपर्यंत थांबून राहतो. समजा विचारले, "फक्त एकाच बिंदूवर सलग असलेले फलन सांगा." दहा गुणांची व्याख्या धडाधड म्हणणारा मुलगा गप्प होतो. मग कोणीतरी चाचरत म्हणते, संख्या परिमेय असेल तर तीच ठेवू आणि अपरिमेय असेल तर शून्य घेऊ. शून्यापाशी काय होईल? इतरत्र काय होईल? वर्ग बोलू लागतो. असे चार आठवडे झाले की मूल परत येऊन आपल्या प्राध्यापकालाही थोडे अडवू लागते. अडवू द्यावे!

दुसरी वाट आहे ती तीन विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीची. बंगळूर, दिल्ली आणि प्रयागराज येथील या अकादमी मिळून ती चालवीत आल्या आहेत. यात विद्यार्थी सुमारे दोन महिने एका शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करतो आणि शेवटी अहवाल लिहून देतो. विद्यावेतन मिळते. याचे अर्ज सर्वांत आधी, दिवाळीच्या सुमारासच निघतात, त्यामुळे हीच संधी सर्वांत जास्त हुकते. आणि एक गोष्ट शिक्षकबंधूंनी मुद्दाम लक्षात ठेवावी : ही शिष्यवृत्ती शिक्षकांसाठीही आहे. कॉलेजात शिकविणाऱ्या माणसालाही दोन महिने पुन्हा विद्यार्थी होता येते.

कुलाब्याच्या टाटा संस्थेचा उन्हाळी विद्यार्थी कार्यक्रम आहे, पण तो मुख्यतः वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांसाठी. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला तिथे घाई करू नये. आय.आय.टी. आणि टाटा संस्था यांनी मिळून चालविलेले राष्ट्रीय गणित केंद्र पवईला आहे. ते संशोधक-विद्यार्थ्यांसाठी आणि शिक्षकांसाठी वर्ग भरविते. पुण्याला 'आयसर' आहे, चेन्नईला गणितीय संस्था आहे. अशा ठिकाणचे प्राध्यापकही उन्हाळ्यात विद्यार्थी घेतात. बारावीनंतर 'इन्स्पायर' शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलांना तर उन्हाळी प्रकल्प नेमूनच दिलेला असतो. तो कॉलेजातल्या कॉलेजात कसाबसा उरकून टाकण्याची चाल मला पटत नाही. त्याच निमित्ताने बाहेर पडावे.

आणि माधव स्पर्धा. पुण्याचे सर परशुरामभाऊ महाविद्यालय आणि मानखुर्दचे होमी भाभा केंद्र हे दोघे मिळून ती पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी हिवाळ्यात घेतात. चौदाव्या शतकातील केरळच्या माधव या गणितज्ञाचे नाव तिला दिले आहे. वर आलेल्यांसाठी शिबिर असते. पण वर येणे न येणे बाजूला ठेवा. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका हे फुकटचे धन आहे. आपल्या विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेने "प्रमेय लिहा व सिद्ध करा" म्हणून विचारलेले, आणि या प्रश्नपत्रिकेने तेच प्रमेय न सांगता वापरावयास लावलेले, हे दोन कागद शेजारी ठेवून पाहिले की गणित शिकणे म्हणजे काय याचा पुष्कळ उलगडा होतो.

परदेशाविषयीही मुले विचारतात. अमेरिकेत राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने १९८७ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांच्या संशोधनासाठी उन्हाळी केंद्रे चालविली आहेत. त्यांची नावे वाचून मुलांचे डोळे दिपतात. पण त्या प्रतिष्ठानच्या पैशातून होणारी निवड ही अमेरिकेचे नागरिक आणि तेथील कायमचे रहिवासी यांच्यापुरतीच असते. नागपूर-नांदेडच्या मुलाने त्यावर रात्री घालविण्यात अर्थ नाही.

आता अर्जाकडे वळू. गुणपत्रके, दाखले, फोटो यांविषयी फार सांगत नाही. गुणपत्रकावरचे नाव आणि आधारवरचे नाव एक आहे ना, बँकेचे खाते चालू आहे ना, हे आधीच पाहून ठेवावे. अर्ज भरणे शेवटच्या रात्रीवर टाकू नये. त्या रात्री साऱ्या देशाची मुले तेच पान उघडून बसलेली असतात आणि आपल्या गावची वीज त्याच वेळी जाते. निदान तीन दिवस आधी मोकळे व्हावे. एकाच ठिकाणी अर्ज करून वाट पाहत बसू नये, चार-पाच ठिकाणी करावेत.

खरा अर्ज म्हणजे दोन कागद. एक विद्यार्थ्याने लिहिलेला, दुसरा त्याच्या शिक्षकाने.

विद्यार्थ्याच्या कागदात बहुधा असे असते : मला लहानपणापासून गणिताची आवड आहे, गणित ही विज्ञानाची राणी आहे, आपल्या थोर संस्थेत येऊन मला देशसेवा करावयाची आहे. वाचणाऱ्याने असे शेकडो कागद पाहिलेले असतात. तो पुढचा उचलतो. त्यापेक्षा असे लिहिले तर? "या वर्षी आम्हांला लिनियर अल्जिब्रात रँक-नलिटीचे प्रमेय होते. सिद्धता पाठ होती. मग मी तीन बाय तीनच्या आठ-दहा मॅट्रिक्स स्वतः मांडून पाहिल्या, तेव्हा प्रमेय काय म्हणते ते कळले. अनंत मितींच्या अवकाशात याचे काय होते हे मला समजलेले नाही; ते शिकावयाचे आहे." चार साधी वाक्ये, पण ती दुसरा कोणी लिहू शकणार नाही. जे समजले नाही ते लिहिण्याची लाज वाटू देऊ नका. संस्थेतील माणसाचा सारा दिवस न समजलेल्या गोष्टींतच जातो.

हे इंग्रजीत लिहावे लागते, आणि मराठी माध्यमातून आलेली आमची मुले तिथे अडतात. इकडून तिकडून भारी वाक्ये उतरवून घेतात. आता तर यंत्राकडूनही लिहून घेतात. असा कागद गुळगुळीत असतो आणि त्यात मूल कुठेच नसते. माझा सल्ला असा की आधी मराठीत लिहा. मनातले सगळे मराठीत उतरले की मग लहान लहान वाक्यांनी इंग्रजीत न्या. शाळेत शिकलेले इंग्रजी पुरते. व्याकरणाची चूक शिक्षकाकडून दुरुस्त करून घ्या, पण वाक्य तुमचेच राहू द्या.

एखाद्या प्राध्यापकाला थेट पत्र लिहावयाचे असेल तर ते एक पानाच्या आत असावे. त्यांचे काम कशावर आहे हे आधी पाहून, त्यातला कोणता भाग आपल्या आवाक्यात येऊ शकेल ते लिहावे. पन्नास जणांना एकच मजकूर पाठवू नये. गणितज्ञांची संख्या कमी आहे आणि ते एकमेकांना ओळखतात! उत्तर आले नाही तर तीन आठवड्यांनी एकदा नम्रपणे आठवण द्यावी, आणि पुढचे दार पाहावे.

दुसरा कागद म्हणजे शिफारसपत्र. इथे मला माझ्या पेशातील बंधुभगिनींशी जरा स्पष्ट बोलावयाचे आहे. आपण काय लिहितो? "सदर विद्यार्थी हुशार, मेहनती व आज्ञाधारक असून त्याचे वर्तन चांगले आहे." हा चारित्र्याचा दाखला झाला, बँकेतल्या नोकरीला चालेल. निवड करणाऱ्याला हवे असते ते निराळेच. हा मुलगा अडला म्हणजे काय करतो? याने कधी पुस्तकाबाहेरचा प्रश्न विचारला का? एखादे उदाहरण? "ऑगस्टमध्ये ग्रुप थिअरीचे एक गणित मी वर्गात अर्धवट सोडले होते. ही मुलगी चौथ्या दिवशी त्याची सिद्धता घेऊन आली. सिद्धता चुकीची होती. चूक दाखविली, तेव्हा आठवड्याने दुसरी आणली. ती बरोबर होती." एवढ्या तीन-चार ओळी मोठमोठ्या विशेषणांपेक्षा जड भरतात. कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या ज्या कॉलेजाचे नाव त्या संस्थेत कोणी ऐकलेले नाही, त्या कॉलेजातल्या मुलीसाठी तर त्या ओळीच सर्वस्व आहेत. तिचे ८२ टक्के कशाच्या बदल्यात मिळाले हे त्यांना दुसरे कोण सांगणार?

कोणी म्हणेल, वर्गात शंभर मुले, असे लक्ष कुणाकुणाकडे द्यावे? अडचण खरी आहे. म्हणून मी एक करतो. जूनपासून वहीचे एक पान राखून ठेवतो, आणि कोणी काही वेगळे विचारले, वेगळे सोडविले, की तारीख घालून एक ओळ टिपून ठेवतो. वर्षाअखेर दहा-बारा ओळी जमतात. त्या दहा-बारा ओळींतून शिफारसपत्रे आपोआप निघतात. विद्यार्थ्याला "तूच लिहून आण, मी सही करतो" असे सांगण्याचा जो रिवाज पडला आहे, तो त्याच्यावर उपकार नाही. तो बिचारा स्वतःला हुशार, मेहनती आणि आज्ञाधारकच लिहून आणणार. आणखी एक : हल्ली पत्र मागणारा दुवा शिक्षकाच्या ई-मेलवर येतो आणि मुदत संपली की बंद होतो. मुलाचा अर्ज चोख असून केवळ शिक्षकाचे पत्र न पोहोचल्याने तो बाद होतो आणि त्याला ते कळतही नाही. मुलांनीही यासाठी तीन आठवडे आधी शिक्षकाला गाठावे, आणि मधून मधून आठवण द्यावयास संकोच करू नये.

पैशांविषयी एक सूचना. अलीकडे 'इंटर्नशिप' या नावाखाली पाच-सात हजार रुपये घेऊन घरबसल्या प्रमाणपत्र देणारी दुकाने निघाली आहेत. कागद सुरेख असतो. वर ज्यांची नावे घेतली त्या संस्था विद्यार्थ्याला आपल्याकडून काहीतरी देतात. त्याच्याकडून कमावीत नाहीत. वडिलांनी पैसे भरण्यापूर्वी कॉलेजातल्या गणिताच्या माणसाला एकदा विचारावे. आणि ज्या घरी मुलगा सुट्टीत शेतावर किंवा दुकानावर लागतो, तिथे महिन्याची मजुरी बुडते हाही हिशेब खराच आहे. त्या घरी शिक्षकाने स्वतः जाऊन बोलावे. मुलीच्या बाबतीत तर नक्कीच. वसतिगृह कुठे, मुलींबरोबर कोण, फोन कुणाला करावयाचा, हे आईला सांगितले की निम्मी अडचण दूर होते. त्या फिटर गृहस्थांच्या मुलीचे असेच झाले. आईने फोनवर केंद्रातील बाईंशी बोलून घेतले आणि मग होकार दिला.

शेवटी, निवड झाली नाही तर. पुष्कळांची होत नाही. जागा थोड्या असतात. अशा वेळी तिघाचौघांनी मिळून तोच महिना आपल्याच गावी लावावा. चारकोपच्या अभ्यासिकेत हे होते, तर तालुक्याच्या ग्रंथालयातही होईल. एकच पुस्तक घ्यावे. कुमारेसन यांची लिनियर अल्जिब्रावर, मेट्रिक स्पेसवर विद्यार्थ्यांना पेलतील अशी पुस्तके आहेत. पुण्याकडे असाल तर प्राध्यापक श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ साली स्थापन केलेले भास्कराचार्य प्रतिष्ठान पाहून यावे. रोज एकाने उभे राहून शिकवावे, बाकीच्यांनी अडवावे. वाचलेले किती यापेक्षा अडलेले कुठे, ते एका वहीत तारीखवार लिहावे. ऑगस्टमध्ये कॉलेज स्थिरस्थावर झाले की ती वही आपल्या प्राध्यापकांना नेऊन दाखवावी. दिवाळीत नवे अर्ज निघतील, तेव्हा काय लिहावयाचे हा प्रश्न ना तुम्हांला पडेल, ना त्यांना.